चार नंबरच्या बाळाची शून्ये

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात चार नंबरच्या बाळाच्या डाव्या टाचेत सुई टोचली गेली. सुई मी टोचली. बाळ रडले नाही. समोरच्या तक्त्यावर ‘वेदना’ या शीर्षकाखाली मी शून्य लिहिले. त्या बाळाच्या तक्त्यावरचे ते सलग एकेचाळिसावे शून्य होते.

ही सगळी शून्ये चुकीची आहेत, हे दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी कळले. तोवर त्या शून्यांच्या आधारे बाळाला घरी नेण्याचे ठरले होते. गाडीही सांगून झाली होती. बाळाचे वजन तेराशे ग्रॅम होते.

हा मजकूर लिहिताना ते तक्ते माझ्यासमोर आहेत. जे तक्त्यात, फाइलमध्ये किंवा माझ्या वहीत नाही ते इथे लिहिलेले नाही. परिचारिका होण्याआधी दीड वर्ष मी इथल्याच एका दैनिकात बातम्या लिहीत असे. तिथल्या वृत्तसंपादकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “डोळ्यांनी पाहिलंस ते लिही. नाही पाहिलंस तर कुणी पाहिलं ते लिही. कुणीच पाहिलं नसेल तर जागा कोरी सोड.” हा नियम मी पुढे कुठे मोडला, तेच या लेखात आहे.

ज्यांनी असा कक्ष पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. दिवस भरण्याआधी जन्मलेली मुले इथे येतात. ती वॉर्मरवर असतात, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या उघड्या खाटेवर. नाकातून पोटात दुधाची नळी असते, हाताच्या किंवा पायाच्या शिरेत सलाईनची. पायाच्या पंज्याभोवती एक मऊ पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यात लाल दिवा असतो. तिला आम्ही प्रोब म्हणतो. या प्रोबमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तातला प्राणवायू मॉनिटरच्या पडद्यावर आकड्यांत दिसतो. साखर तपासायची तर टाचेतून रक्ताचा थेंब काढावा लागतो. पहिल्या दिवसांत हे दर काही तासांनी होते. शिवाय सलाईनची नळी बिघडली की नवी शीर शोधायची, चिकटपट्टी काढायची. त्या वयाची कातडी ओल्या कागदासारखी असते. पट्टीबरोबर ती सोलून येते.

आम्ही शिकत असताना आमच्यापैकी अनेकींना सांगितले गेले होते, की इतक्या लहान बाळांना दुखणे फारसे कळत नाही. पुढे पुस्तके बदलली. हात बदलायला वेळ लागला.

नोकरीच्या उत्तरार्धात मी रजा घेऊन पुढचे शिक्षण घेतले आणि त्याच कक्षात परतले ती संशोधनाचा एक विषय घेऊन. विषय साधा होता. टाचेत सुई टोचण्याआधी दोन मिनिटे आईच्या दुधाचे दोन थेंब जिभेवर ठेवले, किंवा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरले, तर त्याचे दुखणे कमी होते का? हे बाहेर अनेक ठिकाणी तपासलेले होते. आमच्या कक्षात, आमच्या मनुष्यबळात ते जमते का, एवढेच मला पाहायचे होते. कामाचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात काहीच द्यायचे नव्हते, फक्त नोंद करायची होती. दुसऱ्यात उपाय. रुग्णालयाच्या समितीची परवानगी होती. प्रत्येक आईची सही होती.

बाळ बोलत नाही, त्यामुळे त्याचे दुखणे मोजायची रीत वेगळी असते. भुवया आक्रसतात का, डोळे घट्ट मिटतात का, नाकाच्या बाजूने घडी पडते का, हे पाहायचे. ठोके किती वाढले, प्राणवायू किती उतरला, हे पडद्यावर पाहायचे. सगळ्याचे गुण मिळवायचे. माझ्या तक्त्यात ठोक्यांसाठी तीन रकाने होते: आधी, टोचताना, नंतर.

मधल्या रकान्याकडे पुढे यायचे आहे.

कक्षाला लागून काचेची खिडकी असलेली एक जागा होती. नातेवाईक तिथे उभे राहत. तिथले बरेच जण लक्षात आहेत. हर्णेचे एक आजोबा होते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. नातीचे वजन आम्ही रोज सकाळी फळ्यावर लिहीत असू. ते आकडा बघायचे आणि जिन्यात उभ्या असलेल्या घरच्यांना त्याच आवाजात पुकारायचे, “बाराशे दहा! बाराशे दहा!” एकदा वजन वीस ग्रॅमने उतरले. त्या दिवशी ते काही पुकारले नाहीत. खाली जाऊन उन्हात बसून राहिले.

नातेवाइकांना आत यायची मुभा होती, पण सुई टोचायची वेळ आली की त्यांना बाहेर काढायचे, हा कक्षाचा रिवाज होता. आमच्या इन्चार्ज कदम सिस्टर त्याचे कारण सांगत, “मागं एक बाप उभा राहिला होता. मी सुई काढली नि तो आडवा. बाळ राहिलं बाजूला, त्यालाच सलाईन लावावं लागलं.”

चार नंबरचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले होते. आईचे नाव प्रणाली. सासर संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या गावात. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी. ती स्वतः मिरजोळ्याला एमआयडीसीत मासळी पॅक करणाऱ्या कारखान्यात वजनकाट्यावर काम करायची. सासू गावाहून येऊन तिच्यासोबत राहिल्या होत्या. मंगळवारी बाळ तेवीस दिवसांचे होते.

ते बाळ कक्षात सगळ्यांचे आवडते होते. कारण एकच. ते त्रास देत नसे. पहिल्या आठवड्यात, माझा तक्ता सुरू होण्याआधी, टोचताना बारीक आवाज काढायचे, पुढे तोही बंद झाला. चेहरा हलत नसे. हात आम्ही दुपट्यात गुंडाळून ठेवत असू. कामावर येणारी प्रत्येक सिस्टर म्हणायची, “चार नंबर कसा गुणी आहे बघ.” मीही म्हटले आहे. वहीत एका ठिकाणी तसे लिहिलेलेही आहे.

मात्र ते दूध ओढत नव्हते. ओठाला बोट लावले तरी तोंड उघडत नसे. उचलले की अंग सैल पडायचे. मंगळवारी दुपारी बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी फाइल चाळली आणि माझे तक्ते मागून घेतले.

“एकेचाळीस वेळा टोचलं आणि एकदाही प्रतिसाद नाही?”

“नाही, मॅडम.”

“ठोकेसुद्धा वाढले नाहीत?”

मी मधला रकाना दाखवला. १४६, टोचताना १४६. १५०, टोचताना १५०. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग फाइलमध्ये लिहिले की वेदनेलाही प्रतिसाद नाही, मेंदूला इजा असल्याची शंका आहे, प्रकृती स्थिर झाल्यावर कोल्हापूरला मेंदूची तपासणी करावी. घरच्यांना बोलावून त्यांनी तेच सांगितले. ‘शंका’ हा शब्द त्यांनी वापरला होता. मी तिथे होते.

काचेबाहेर पोचेपर्यंत तो शब्द गळाला. सासूबाई प्रणालीला म्हणाल्या, “गो, डोक्यात दोष हाय सांगतायत. टोचला तरी कळत नाय त्याला. मग आता कशाला नि किती टोचून घ्यायचा? घरी नेऊया. जगला तर आपला.”

“आई, तेराशे ग्रॅमचा हाय तो.”

“म्हणून तर सांगते. हितं सुया खात मरण्यापेक्षा माझ्या मांडीवर तरी असेल.”

त्या दुष्ट नव्हत्या. रोज सकाळी पोळीभाजीचा डबा आणताना शेजारच्या आईसाठीही आणायच्या. मुलाला जहाजावर फोन लागला तेव्हा तो म्हणाला, “आई, तू हायस तिथं. तू ठरव.” त्यांनी ठरवले. संध्याकाळी गाडी सांगायला त्या गावी गेल्या. बुधवारी दुपारी एकपर्यंत येतो म्हणाल्या. स्वतःच्या जबाबदारीवर, लेखी देऊन बाळ नेण्याचा कागद कदम सिस्टरांच्या टेबलावर आला. दुधाची नळी, ऊब आणि सलाईन काढून ते बाळ दोन तासांच्या प्रवासाला निघाले असते तर काय झाले असते, हे कक्षातल्या प्रत्येकीला माहीत होते. डॉक्टर मॅडमनी तासभर समजावले होते.

बुधवारी सकाळी प्रणाली माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र साधा.

“सिस्टर, आज टोचाल तेव्हा मी आत थांबू? मला एकदा बघायचाय त्याला कसा कळत नाय तो.”

कदम सिस्टर नको म्हणाल्या. मीही आधी नकोच म्हणणार होते. मग कदम सिस्टरांनी टेबलावरच्या त्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “थांब. पण पडायचं नाही हां. पलंग रिकामा नाही.”

“नाय पडत.”

अकरा वाजून पंधरा मिनिटे. कदम सिस्टर टोचणार होत्या. मी तक्ता घेऊन पायाशी, प्रणाली डोक्याशी. बाळाच्या उजव्या पायात सलाईन होते, प्रोब डाव्या पायावर. टोचायची टाच डावी. कदम सिस्टरांनी नेहमीप्रमाणे मॉनिटरचा भोंगा बंद करायचे बटण दाबले आणि प्रोब सोडवला. पडद्यावरचा आकडा गेला. तिथे दोन रेघा राहिल्या.

“वायर का काढलीत?” प्रणालीने विचारले.

“टाच मोकळी करायला. आणि पाय हलला की उगाच भोंगा वाजतो.”

“मग टोचताना आकडा कुठं दिसतो?”

कदम सिस्टरांनी पडद्याकडे पाहिले.

“नाय, मी काट्यावर असते म्हणून विचारते. पुडा उचलला की काट्यावर शून्य येतं. म्हणून पुडा रिकामा नसतो ना?”

मी हातातल्या तक्त्याकडे पाहिले. मधला रकाना. टोचताना. प्रोब काढलेला असताना तो आकडा आम्ही कुठून लिहीत होतो? कदम सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनाही त्याच क्षणी कळले होते. टोचून झाल्यावर प्रोब परत बांधायचा, तो आकडा पकडायला दोन-तीन मिनिटे घेतो. रकाना कोरा दिसतो म्हणून ‘आधी’चा आकडा ‘टोचताना’मध्ये उतरवायचा. दुसऱ्या सिस्टर तसे करत. मीही केले होते. एकेचाळीसपैकी एकोणीस नोंदी माझ्या अक्षरात आहेत.

“प्रोब हातावर बांधूया,” मी म्हणाले.

त्यासाठी दुपटे सोडावे लागले. उजव्या मनगटावर प्रोब बांधला. बाळ शांत होईपर्यंत थांबलो. आकडा १४८ वर आला. भोंगा पुन्हा चालू केला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी कदम सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा टाचेला लावला. सुई अजून ट्रेमध्ये होती. आकडा १५५ झाला, मग १७१. चेहरा हलला नाही.

“बोटा बघा,” प्रणाली म्हणाली.

दुपट्याबाहेर आलेल्या हाताची पाचही बोटे ताठ पसरली होती, एकमेकांपासून जितकी लांब जातील तितकी. ती थरथरत होती.

सुई टोचली. २०४. प्राणवायू ९५ वरून ८१. भोंगा वाजू लागला आणि वाजत राहिला. बाळाचे तोंड बंद होते. डोळे उघडे होते, छताकडे. कुठलाही आवाज नाही. आकडा पुन्हा दीडशेच्या खाली यायला सहा मिनिटे लागली.

कदम सिस्टर स्टुलावर बसल्या. “वीस वर्षं, गं,” एवढेच म्हणाल्या. प्रणाली पडली नाही. तिने एक बोट बाळाच्या पसरलेल्या पंज्यात ठेवले आणि ते मिटेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.

ज्यांना पुढचे समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चेहरा आवळायलाही ताकद लागते. पुनःपुन्हा दुखले आणि रडून काही बदलले नाही, तर काही बाळे रडणे सोडतात. अंग सैल सोडतात. दुखणे आत चालूच असते. ही गोष्ट मी वाचलेली होती. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते.

एक वाजता गाडी आली. सासूबाई हातात नवे दुपटे घेऊन वर आल्या. प्रणाली त्यांना काचेपाशी थांबवून म्हणाली, “आई, त्याला कळतं. सगळा कळतं.” मी आकडे सांगितले. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“आकडे ऱ्हावदेत. किती वेळा टोचलात त्याला? आल्यापासून?”

मी फाइल आणली आणि त्यांच्यासमोर मोजले. टाचेच्या सुया आणि शिरेच्या सुया, जमलेल्या आणि न जमलेल्या. मोजायला बराच वेळ लागला. एकशे चौदा.

“अगो बाय माझे,” त्या म्हणाल्या. “नि तो गप?”

“हो.”

“मग तो येडा नाय. तो भ्यालाय.” त्यांनी दुपटे सुनेच्या हातात दिले. “बाईनू, टोचलात तर टोचलात, पण दुखला नाय म्हणून कागदावर कुणी लिहिलान?”

“मी,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या खाली गेल्या आणि गाडीवाल्याला परत पाठवून वर आल्या.

पुढची साखर पाच वाजता होती. पहिल्या टप्प्यात काही द्यायचे नाही, असे माझ्या कागदावर लिहिलेले होते. ते मी त्या दिवशी या बाळापुरते थांबवले आणि समितीला तसे पत्र लिहिले. पाचला दहा मिनिटे असताना प्रणालीने बाळाला छातीशी घेतले. दुधाचे दोन थेंब जिभेवर ठेवले. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “मी पाय धरू?” कदम सिस्टर हो म्हणाल्या. त्यांनी टाच तळहातात घेऊन ती ऊब येईपर्यंत धरून ठेवली. टोचताना आकडा १६३ पर्यंत गेला. दीड मिनिटात परत आला. मधल्या रकान्यातला पाहून लिहिलेला तो दुसरा आकडा होता.

डॉक्टर मॅडमनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या. फाइलमध्ये लिहिलेले खोडता येत नाही. त्यांनी खाली नवी ओळ लिहिली, की आधीचे निरीक्षण सदोष नोंदीवर आधारित होते. त्याखाली सही केली आणि कुठल्या तपासण्या एकाच टोचण्यात होतील याची यादी स्वतः बनवली. त्या दिवसापासून टोचण्याच्या वेळी आईला आत ठेवायचे ठरले. टोचताना नातेवाइकांनी बाहेर थांबावे, ही दारावरची जुनी सूचना कदम सिस्टरांनी नखाने खरवडून काढली.

मी बाकीचे तक्ते काढून बसले. चार नंबरखेरीज आणखी पंधरा बाळांचे होते. सगळ्यांत मधला रकाना उतरवलेला होता. दोन तक्त्यांवर शेऱ्याच्या जागी ‘शांत’ असे लिहिलेले होते. त्यांतली एक मुलगी महिनाभरापूर्वी जंतुसंसर्गाने गेली होती. तिच्या तक्त्यावर नऊ शून्ये होती. त्यातल्या सहा ओळी माझ्या अक्षरातल्या. तिच्या आईला मी तेव्हा सांगितले होते, की तिला त्रास झाला नाही.

त्या आईचा पत्ता माझ्याकडे आहे. गुहागरचा आहे. मी अजून गेलेले नाही.

सोळाही तक्ते रद्द करावेत, असे मी समितीला कळवले. कारणाच्या जागी ‘टोचतानाचे आकडे प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत’ असे लिहिले. काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी प्रोब हातावर आणि पहिला टप्पा वगळून.

चार नंबरच्या बाळाने त्या बुधवारनंतर बाराव्या दिवशी बोट ओढले, त्यानंतर दूध. भुकेला रडू लागले, मांजराच्या पिल्लासारखे. टोचताना मात्र घरी जाईपर्यंत रडले नाही. आकडे कमी वाढत, लवकर उतरत, बोटे पसरत. आवाज नाही. अठराशे ग्रॅमला ते आजीने आणलेल्या दुपट्यातून घरी गेले. कोल्हापूरची तपासणी झाली. अहवालात दोष आढळला नाही. ऐकण्याची तपासणीही व्यवस्थित निघाली.

त्यानंतर लसीसाठी प्रणालीने त्याला रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणले. मी तिथे गेले होते. तिच्या मांडीवर तो माझ्या चष्म्याकडे बघत होता. सासूबाई पाय धरून बसल्या होत्या. तिथल्या सिस्टरने स्पिरिटचा बोळा त्याच्या मांडीला लावला. सुई ट्रेमध्ये होती. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. बाळ मोठ्याने रडू लागले.